पुसायचं बटण

लकडी पुलाजवळ आमचा सायबर कॅफे होता, तेव्हा गिऱ्हाईक आलं की आधी जुने मेल पुसायला बसायचं. हॉटमेलची जागा २ एमबी. अमेरिकेतून बारशाचे चार फोटो आले की इनबॉक्स तुडुंब. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं, १ जीबी घेऊन. पुष्कळांना ते एप्रिल फूलच वाटलं! त्यात पुसायची सोय होती, पण यादीत दडवलेली. पुसू नका, साठवा आणि शोधा, असा हिशेब. हाताची खोड अशी जाते थोडीच? अखेर जानेवारी २००६मध्ये ते बटण समोर आलं. आमच्याकडचे एक पेन्शनर काका तर (माझ्या मते शहाणेच) मेल पुसून, वर कचरापेटीही रिकामी करून मगच पैसे द्यायला उठत.