रोजी बुडाली तर कोण देणार? रग्बी लीगच्या खालच्या फळीचा एक हंगाम

 

आपल्या गोंदिया जिल्ह्यात धान घरात आला, की गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. पुढे माघ पौर्णिमा येते, कचारगडची यात्रा भरते, तोवर हा मोसम रंगात असतो. टीम बाहेरगावी खेळायला निघाली, की घरात एक प्रश्न हमखास निघतो. आजची रोजी बुडाली, ती कोण देणार? जिंकलो तर बक्षिसाचे पैसे वाटून घेऊ. आणि हरलो तर?

याच प्रश्नावरून इंग्लंडमध्ये एका खेळाचे दोन तुकडे झाले. तो खेळ म्हणजे रग्बी. आज त्यातल्या एका तुकड्याची गोष्ट आहे, आणि तीही वरच्या चकचकीत लीगची नाही. खालच्या फळीतल्या एका हंगामाची आहे, 1902-03 सालच्या.

आधी थोडं मागे जाऊ. 1890 च्या आसपास उत्तर इंग्लंडमध्ये, म्हणजे यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, रग्बी खेळणारे बरेच जण गिरणीत नाहीतर कोळशाच्या खाणीत कामाला होते. शनिवारी अर्धा दिवस काम, मग सामना. सामना लांब असला, की सकाळचं काम सोडावं लागायचं आणि तेवढा पगार कापला जायचा. रग्बीचा कारभार मात्र लंडनकडच्या साहेब लोकांच्या हातात. त्यांचं म्हणणं साधं होतं : खेळ हौसेने खेळायचा, पैसे घ्यायचे नाहीत. आता ज्याला पगाराची चिंता नाही, त्याला हे बोलायला काय जातंय?

1893 मध्ये उत्तरेच्या क्लबांनी ठराव मांडला, की खेळासाठी बुडालेली मजुरी तेवढी भरून देऊ द्या. ठराव 282 विरुद्ध 136 मतांनी पडला. दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1895 ला, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि उत्तरेचे क्लब वेगळे झाले. संघटनेचं नाव नॉर्दर्न युनियन. बुडालेल्या रोजीचे दिवसाला जास्तीत जास्त 6 शिलिंग द्यायचे ठरले. पुढे याच युनियनचा खेळ ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

आता आपला हिरो. ब्रॅडफर्ड शहरात मॅनिंगहॅम नावाचा भाग आहे. तिथल्या रेशमाच्या मोठ्या गिरणीत मजुरी कापायची नोटीस लागली, आणि डिसेंबर 1890 मध्ये संप सुरू झाला. एप्रिलपर्यंत चालला. कामगार हरले, पण त्या हरण्यातून ब्रॅडफर्डमध्ये कामगार राजकारण उभं राहिलं. 1893 मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली, ती याच शहरात. अशा भागातला रग्बी क्लब म्हणजे मॅनिंगहॅम.

नॉर्दर्न युनियनचा पहिलाच हंगाम, 1895-96. 22 संघ, प्रत्येकाचे 42 सामने. मॅनिंगहॅमने 33 जिंकले आणि हॅलिफॅक्सला एका गुणाने मागे टाकून विजेतेपद घेतलं. म्हणजे रग्बी लीगच्या इतिहासातला पहिला चॅम्पियन हाच!

1898 मध्ये युनियनने आणखी एक पाऊल टाकलं. आता खेळाडूला उघड पैसे देता येतील. पण त्याला एक अट जोडली : खेळाडूकडे दुसरं रीतसर काम पाहिजे. फक्त खेळून पोट भरायचं नाही. आठवडाभर कामावर गेला नाही, तर शनिवारी मैदानावरही यायचं नाही. दारूच्या गुत्त्यातली नोकरी तर काम म्हणून धरतच नव्हते. आपण ज्याला सेमी-प्रोफेशनल म्हणतो, ते इथे चक्क नियम करून ठरवलं होतं. ही अट 1905 पर्यंत टिकली.

आणि आता येतो तो हंगाम. 1901 मध्ये 14 मोठ्या क्लबांनी आपली वेगळी लीग काढली होती. त्यात मॅनिंगहॅमला जागा मिळाली नाही. पहिला चॅम्पियन बाहेर! 1902 मध्ये दोन डिव्हिजन झाले आणि मॅनिंगहॅम गेला दुसऱ्यात. तिथे 18 संघ, म्हणजे प्रत्येकाचे 34 सामने. खेळ तेव्हा अजून 15-15 जणांचा होता, 13 जणांचा नियम 1906 चा.

नकाशा डोळ्यासमोर आणा. साउथ शील्ड्स ईशान्येला समुद्रकाठी. बॅरो आणि मिलम वायव्येच्या टोकाला. बर्कनहेड थेट लिव्हरपूलच्या पलीकडे. आधी शेजारच्या गावाशी सामना असला, की दोन्हीकडचे लोक पायी येऊन मैदान भरायचे, गेटवर पैसे जमायचे. आता तगडे शेजारी वरच्या डिव्हिजनमध्ये, आणि आपण रेल्वेचं तिकीट काढून लांब कुठेतरी. खेळाडूची रोजी बुडते ती वेगळीच, ती पण क्लबनेच भरायची. आवक कमी, जावक जास्त. नियमाने पैसे द्यायची मुभा दिली होती. पैसे आणायचे कुठून, हे नियमात नव्हतं.

हंगाम संपला तेव्हा कीथली पहिला, लीड्स दुसरा. दोघे वर गेले. हो, हा तोच लीड्स, जो आज लीड्स राइनोज म्हणून सुपर लीगमध्ये खेळतो. मॅनिंगहॅमला बढती नाही आणि तिजोरीत खडखडाट. निधीसाठी क्लबने चक्क तिरंदाजीची स्पर्धा भरवली!

मे 1903 मध्ये मोठा निर्णय झाला. पहिल्या चॅम्पियन क्लबने रग्बी सोडली आणि फुटबॉल धरला. नवं नाव, ब्रॅडफर्ड सिटी. फुटबॉल लीगला ब्रॅडफर्डच्या पट्ट्यात शिरायचंच होतं, म्हणून अजून एकही सामना न खेळलेल्या या टीमला सरळ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घेतलं. मैदान तेच, व्हॅली परेड. आठच वर्षांत, 1911 मध्ये, याच क्लबने एफए कप जिंकला. त्या वर्षी कप नवीन घडवला होता, आणि तो घडवणारे सोनार कोण? ब्रॅडफर्डचेच!

इकडे रग्बीचा दोन डिव्हिजनचा प्रयोग 1905 मध्ये गुंडाळला गेला. सगळे परत एका लीगमध्ये. साहेबांच्या रग्बी युनियनने खेळाडूंना उघड पैसे द्यायला मान्यता कधी दिली माहितेय? ऑगस्ट 1995 मध्ये. जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला तेव्हा 100 वर्षं होत होती.

यात आपल्यासाठी काय आहे? कबड्डीचा प्रवासही असाच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी 1936 मध्ये बर्लिनला कबड्डी दाखवली, ती निव्वळ हौस होती. नंतर रेल्वे, पोलीस, बँका यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. रोजीच्या प्रश्नाला आपण काढलेलं हे उत्तर. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली, ऑक्शन आलं, आकडे कोटीत गेले. देशातल्या कबड्डी फेडरेशनच्या नावात मात्र ‘अ‍ॅमॅच्युअर’, म्हणजे हौशी, हा शब्द तसाच होता.

वरच्या फळीचा आकडा बातमीत येतो. खालच्या फळीत काय होतं, ते मॅनिंगहॅम सांगतो. ती टीम मैदानावर हरून संपली नाही, हिशेबात संपली. आणि खालची फळी मोडली, तर उद्याचा रेडर येणार कुठून? तो थोडाच ऑक्शनच्या टेबलावर जन्माला येतो! तो येतो धान कापून, रोजी बुडवून, कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून.

तर मंडळी, तुमच्या गावची टीम बाहेर खेळायला जाते, तेव्हा बुडालेल्या रोजीचं काय करतात? वर्गणी काढतात, बक्षिसातून देतात, की ज्याची त्याने सोसायची? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. तोवर रामराम, जय सेवा!