परावर्तक अँटेना : जाळीचा पृष्ठभाग

परावर्तक अँटेनाची तबकडी अखंड पत्र्याचीच हवी, हा समज टिकत नाही. पृष्ठभाग किती काटेकोर हवा हे तरंगलांबी ठरवते. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांवर पोलादी दोरांच्या आधाराने तारेची बारीक जाळी ताणून बसवली गेली. वारा आरपार जात असल्याने सांगाडा हलका राहतो आणि खर्चही आटोक्यात येतो. मोठ्या व्यासाचे खरे दुखणे वाऱ्याचा दाब, वजन आणि खर्च हेच असते. जाळीतून जमिनीचा रेडिओ गोंगाट झिरपेल, हा आक्षेप रास्त आहे. पण या दुर्बिणीच्या 21 सेंटिमीटर तरंगलांबीपुढे 10 ते 20 मिलिमीटरची छिद्रे लहानच ठरतात, आणि सर्वांत दाट वीण मध्यभागी, गोळा होणाऱ्या संकेतात जिथला वाटा मोठा तिथेच ठेवली आहे. 12 गिगाहर्ट्झच्या उपग्रह प्रक्षेपणाला मात्र ही जाळी चालणार नाही: तिथे तरंगलांबी अवघी 2.5 सेंटिमीटर असते आणि पृष्ठभागभर सरासरी मिलिमीटरभर उंचसखलपणा राहिला तरी सुमारे पंचमांश लाभांक वाया जातो.