कपाटावरचं मोठं पाकीट

घर पेठेतलं असो की हडपसरचं, कपाटावर नाहीतर गादीखाली एक मोठं पाकीट असतंच. आत एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद, एखादी सीडी. ते सांभाळायचं काम बहुतेक घरांत बाईकडेच. आज आम्ही या पाकिटाचा इतिहास सांगणार आहोत.

विल्हेल्म रॉन्टजेन यांनी 1895 साली क्ष-किरण शोधले आणि त्याच डिसेंबरात पत्नी ॲना बर्था यांच्या हाताचं चित्र घेतलं. हाडं दिसली, बोटातली अंगठी दिसली. 1971 मध्ये लंडनला रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन झाला, तोही एका बाईच्या डोक्याचा. चित्रात बाई पहिल्यापासून आहे, हे आम्हाला सांगावंसं वाटलं.

सीटीबरोबर चित्र संगणकात तयार होऊ लागलं. पण प्रत्येक कंपनीच्या यंत्राची तऱ्हा वेगळी. एकावर काढलेलं दुसऱ्यावर उघडेना. म्हणून 1983 मध्ये अमेरिकेत रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्र बनवणारे एकत्र बसले. 1985 ला पहिलं मानक आलं, 1993 ला त्याचं डायकॉम झालं. यात चित्र, रुग्णाचं नाव, तपासणीची तारीख, यंत्राची माहिती असं सगळं एकाच फाइलमध्ये राहतं.

आता आपल्या पुण्यात येऊ. 1988 साली इथे सी-डॅक सुरू झालं. पुणेकरांना ते 1991 च्या परम महासंगणकामुळे माहीत. पण याच संस्थेनं दवाखान्यांच्या संगणकांना डायकॉम वापरता यावं म्हणून सॉफ्टवेअरही तयार केलं. आमच्या मते हे काम परमइतकंच मोलाचं. फक्त त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही. केंद्र सरकारनं 2013 मध्ये आरोग्य नोंदींची मानकं ठरवली, 2016 मध्ये सुधारली. चित्रांसाठी त्यात डायकॉमच आहे. या मानकांचं राष्ट्रीय केंद्रही सी-डॅक पुण्यातच.

याचा आपल्याशी काय संबंध? मॅमोग्राफीचंच घ्या. स्तनातली बारीकशी गाठ नवी की जुनी, हे मागचं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय सांगणं कठीण. मागचं चित्र दुसऱ्या केंद्रात अडकलं, तर पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च, आणि नसता घोर. नुसता लेखी अहवाल पुरत नाही; रेडिओलॉजिस्टला चित्रच बघावं लागतं.

सप्टेंबर 2021 पासून देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू आहे. त्यात 14 अंकी आभा क्रमांक मिळतो. नोंद जिथे तयार झाली त्याच दवाखान्यात राहते. दुसऱ्या डॉक्टरांना हवी असेल तर आधी आपली संमती मागितली जाते. कोणती नोंद दाखवायची, किती दिवस, हे आपण ठरवायचं. दिलेली संमती मागेही घेता येते.

पण ही संमती येते मोबाइलवर. आणि आपल्याकडे कितीतरी घरांत फॉर्मवर नंबर लिहिला जातो तो नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. मग गर्भपाताची सोनोग्राफी असो की गर्भाशयाची, दाखवायची की नाही हे त्या फोनवाल्याच्या हाती जातं. पाकीट निदान आपल्या कपाटावर होतं!

तेव्हा आभा काढताना स्वतःचा नंबर द्या. तपासणी झाली की फिल्मबरोबर डायकॉम फाइलही मागा, आणि सीडी घरी आणण्याआधी तिथेच उघडून बघा.