पाव आटा

नायट्रो कारचे व्हिडिओ तुम्ही रील्समध्ये पाहिले असतील. हातभर लांब रिमोटवरची गाडी, मागे निळसर धूर आणि कान किटवणारा आवाज. पण गाडी सुटण्याआधी एक माणूस तिच्याशेजारी उकिडवा बसतो. लहान स्क्रूड्रायव्हरने काहीतरी किंचित फिरवतो, कान देतो, पुन्हा फिरवतो. मला गाडीपेक्षा तो माणूस ओळखीचा वाटतो. परभणीत लहानाचा मोठा होताना गॅरेजांच्या दारात मी अशी माणसं रोज पाहिली आहेत. त्यांच्यासमोर फक्त लूना असायची.

दोघं सोडवत असतात तो प्रश्न एकच आहे: किती हवेत किती इंधन? हा प्रश्न १८९३ सालाइतका जुना. त्या वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या जोडीने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, इंधन बारीक छिद्रातून हवेच्या झोतात फवारण्याची युक्ती काढली. त्याआधी पेट्रोलची नुसती वाफ हवेत मिसळू देत. फवारा आला आणि छिद्र किती उघडं ठेवायचं हे माणसाच्या हातात आलं. (बुडापेस्टवाल्यांना ही कल्पना फुलांवर पाणी फवारणारी मुलगी पाहून सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, म्हणून मला जरा संशयच येतो.)

नायट्रो कारचं इंजिन दोन ते साडेतीन सीसीचं असतं. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. प्लॅटिनमची तार तापून लाल होते आणि मेथॅनॉलची वाफ तिला तापतं ठेवते. हा ग्लो प्लग अमेरिकेत रे आर्डेनने १९४७ मध्ये बाजारात आणला. इंधनात मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. मेथॅनॉलला साधारण साडेसहा किलो पुरते. नायट्रोमिथेन स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्याचं पावणेदोन किलोतच भागतं. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं आणि इवलंसं इंजिन मिनिटाला तीस हजार फेरे मारतं. सुई जास्त आवळली तर इंधन कमी पडतं. गाडी क्षणभर जोरात पळते, पण ऑइल इंधनातूनच येत असल्यामुळे तेही कमी होतं आणि पिस्टन चावतो. म्हणून त्या माणसाचा हात पाव आट्याच्या पुढे जात नाही.

आता परभणीत या. १९७२ साल मराठवाड्याला आठवतं ते दुष्काळामुळे. पुण्याच्या फिरोदियांची ५० सीसीची लूना त्याच वर्षी आली आणि बजाजची चेतकही. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींत पेट्रोलमध्येच ऑइल. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत दुधाचे कॅन, कापडाचे गठ्ठे, शाळेतले गुरुजी, सगळं यांच्यावरच फिरलं. आणि गाडी म्हटली की कार्बोरेटर आलाच. जेटमध्ये कचरा आला की मिस्त्री तो काढून तोंडाने फुंकायचे. प्लग काढून बघायचे: काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरट असला तर कमी, विटकरी असला तर बरोबर. मग हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दीड आटा सोडायचा आणि तिथून पुढे कानावर.

आमच्याकडे ही कला आणखी अवघड, कारण हवाच बदलते. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश, यात हवेची घनता जवळजवळ १० टक्क्यांनी उतरते. तोच स्क्रू, तेच जेट, पण उन्हाळ्यात पेट्रोल जास्त होतं आणि अ‍ॅव्हरेज पडतो. मिस्त्रींनी घनता हा शब्द कधी उच्चारला नसेल. ते एवढंच म्हणायचे, "ऊन लागलंय गाडीला, ये इकडं, पाव आटा देतो."

१ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स आलं आणि नव्या दुचाक्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ गेला. एक्झॉस्टमधला सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि इंधन त्या त्या क्षणी कमी-जास्त होतं. मिस्त्रींच्या कानाचं काम एका चिपने घेतलं. धूर कमी झाला हे चांगलंच झालं. टू-स्ट्रोकच्या आठवणी काढून हळहळणाऱ्यांनी एकदा जुन्या रिक्षेच्या मागे सिग्नलला उभं राहावं.

पण हिशोब तिथे मिटला नाही. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलला किलोमागे ९ किलो हवा पुरते, त्यामुळे ई-२० ला साधारण साडेतेरा. सेन्सरवाली गाडी हे ओळखून इंधन वाढवते. कार्बोरेटर नाही ओळखत. जुन्या गाडीत इंधन कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. अल्कोहोलवर चालणाऱ्या इंजिनाचं नायट्रोवाल्यांचं दुखणं थोड्या प्रमाणात आपल्या दारात आलं आहे. आणि जुनी गाडी कोण वापरतं? ज्याला नवी परवडत नाही तो.

पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या गोदाकाठच्या पट्ट्यात ऊस आहे आणि इथेनॉल उसापासूनही होतं. त्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारा माणूस पाठीवर टू-स्ट्रोक इंजिनाचा पंप घेऊन सरीतून चालतो. त्या पंपाला सेन्सर नाही, अंगठ्याएवढा कार्बोरेटर आहे. बॅटरीचे पंप आलेत, पण पेट्रोलचा अजून हटलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गॅरेजवर जाऊन पाहा. मोटरसायकली कमी आणि फवारणीचे पंप जास्त, आणि मिस्त्री एकेकाचा जेट काढून उजेडाकडे धरून छिद्र बघतायत.