पडद्यावरचे ठिपके कोणी ठरवले?

संगणकासाठी मॉनिटर घ्यायला गेले की खोक्यावर १९२० × १०८० किंवा ३८४० × २१६० असे आकडे छापलेले दिसतात. एका आडव्या ओळीत किती ठिपके आहेत आणि अशा ओळी किती, एवढेच ते सांगतात. दुकानात यालाच रेझोल्यूशन म्हणतात. आकडा जितका मोठा तितका मॉनिटर चांगला, असे विक्रेता सांगतो आणि शाळेच्या खरेदी समितीलाही ते पटते. पण हे आकडे मुळात आले कुठून? डोळ्याच्या अभ्यासातून आले असावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बराच काळ ते ठरवले स्मृतीच्या किमतीने आणि दूरचित्रवाणी संचाच्या रचनेने. डोळ्याचा नंबर फार उशिरा लागला.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ मध्ये ऋणकिरण नलिका तयार केली. पुढे तिच्यावरच दूरचित्रवाणी आणि संगणकाचे पडदे उभे राहिले. नलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर ओळीमागून ओळ फिरतो आणि लेप उजळतो. हा उजेड क्षणात विझतो, म्हणून तेच चित्र सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा काढावे लागते. त्यासाठी संगणकाने ते कुठेतरी साठवलेले हवे. एका ठिपक्याला निदान एक बिट स्मृती लागते. रंग हवे असतील तर अधिक.

ही गोष्ट आपल्याकडच्या काही शाळांनी प्रत्यक्ष अनुभवली आहे. केंद्र सरकारने १९८४ साली ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांत ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांची स्मृती होती ३२ किलोबाइट. त्यावर ६४० × २५६ ठिपक्यांचे दोनरंगी चित्र काढता येई. गुणाकार करून पाहा: १,६३,८४० ठिपके, तितकेच बिट, म्हणजे २०,४८० बाइट. बरोबर २० किलोबाइट! बत्तीसपैकी वीस पडद्यानेच खाल्ले, उरलेल्या बारांत संगणकाचा स्वतःचा कारभार आणि विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम. म्हणून त्याच संगणकात निव्वळ मजकुरासाठी दुसरी सोय होती. २५ ओळी, ओळीत ४० अक्षरे, एकूण १००० अक्षरे, खर्च फक्त एक किलोबाइट. अशा वेळी ‘योग्य रेझोल्यूशन’ म्हणजे उरलेल्या स्मृतीत बसणारे, इतकाच अर्थ होता.

आयबीएमने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्यासाठी दोन प्रकारची पडद्याची कार्डे होती. रंगीत कार्डावर १६ किलोबाइट स्मृती होती. ६४० × २०० ठिपके दोन रंगांत, किंवा ३२० × २०० ठिपके चार रंगांत. दोन्हींचा हिशेब केला तर १,२८,००० बिट, म्हणजे १६,००० बाइट येतात. ठिपके कमी केले तरच रंग वाढवता येत होते. आणि ओळी २०० च का? हे कार्ड घरच्या अमेरिकन दूरचित्रवाणी संचावरही चालावे अशी योजना होती. तो संच सेकंदाला ६० वेळा, दर वेळी सुमारे २६२ ओळी काढतो. वरच्या-खालच्या कडा वगळल्या की खात्रीने दिसणाऱ्या ओळी साधारण २०० उरतात. त्यात मजकुराच्या २५ ओळी बसवायच्या, तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला आठ ठिपक्यांची उंची येते.

दुसरे कार्ड एकरंगी होते, कार्यालयांसाठी. त्यात एका अक्षराला ९ × १४ ठिपक्यांची चौकट मिळे. ओळीत ८० अक्षरे आणि २५ ओळी, म्हणून ७२० × ३५०. यातला ८० हा आकडा तर आयबीएमच्या १९२८ सालच्या भोकांच्या कार्डावरून आलेला आहे. त्या कार्डाला ८० स्तंभ असत.

आठ ठिपक्यांची उंची रोमन लिपीला कशीबशी पुरते. देवनागरीला ती पुरत नाही. वर्गात हे सहज दाखवता येईल. आलेख कागदावर ८ × ८ चौकटी आखून द्या आणि घरे भरून इंग्रजी ‘ए’ काढायला सांगा. दोन मिनिटांत होतो. मग ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ काढायला सांगा. शिरोरेषेला एक ओळ गेली, वर वेलांटी, रफार, अनुस्वारासाठी जागा राखली, खाली उकारासाठी राखली, की मधल्या अक्षराला चारच ओळी उरतात. तेवढ्यात ‘ष’ची तिरकी रेघ आणि ‘ट’चा वळसा एकमेकांत मिसळून जातात. म्हणूनच पडद्यावर मराठी आणायला खास यंत्रणा लागली. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. संगणकात वेगळे कार्ड बसवून भारतीय लिप्या दाखवण्याची सोय त्यातून झाली. पडदा निवडताना आपण इंग्रजी मजकूर पाहून समाधान मानतो, ते मला आजही चुकीचे वाटते. दुकानात दहा-बारा टंकात मराठी परिच्छेद उघडून ‘कि’ आणि ‘र्कि’ वेगळे वाचता येतात का, हे आधी पाहावे.

आयबीएमच्याच १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत ६४० × ४८० ठिपके आले. पडद्याचे प्रमाण ४ : ३ आणि ठिपक्यांचेही ४ : ३, त्यामुळे ठिपका चौरस झाला. ३२० × २०० मध्ये तो उभट होता आणि दोन्ही बाजूंना सारखेच ठिपके मोजून काढलेला चौरस आयत दिसत असे! पुढे स्मृती स्वस्त होत गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या नलिकांवर १६०० × १२०० ठिपके दिसू लागले.

नंतर नलिका गेली आणि द्रवस्फटिकाचा चपटा पडदा आला. इथे एक महत्त्वाचा फरक पडला. नलिकेचा झोत हव्या तितक्या ओळी काढू शके. चपट्या पडद्यात ठिपके कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात. १९२० ठिपक्यांच्या ओळीवर १२८० ठिपके दाखवायचे म्हटले तर एकाच्या वाट्याला दीड ठिपका येतो, आणि अर्धा ठिपका काही उजळता येत नाही. परिणामी अक्षरांच्या कडा धूसर होतात. अक्षरे लहान वाटतात म्हणून रेझोल्यूशन कमी करून ठेवलेले संगणक कार्यालयांत सर्रास दिसतात. रेझोल्यूशन मूळचेच ठेवून अक्षरांचे प्रमाण १२५ किंवा १५० टक्के करणे हा त्यावरचा खरा उपाय.

१०८० ओळींचा आकडा मात्र पुन्हा दूरचित्रवाणीनेच दिला. उच्च प्रतीच्या प्रसारणासाठी १९२० × १०८० आणि १६ : ९ हे प्रमाण ठरले. संच आणि मॉनिटर यांचे प्रमाण एकच ठेवणे कारखान्यांना परवडणारे होते, म्हणून १९२० × १२०० चे चपटे मॉनिटर २०१० च्या सुमारास मागे पडले. चित्रपट पाहणाऱ्याची सोय झाली आणि पानभर मजकूर वाचणाऱ्याच्या १२० ओळी गेल्या.

आता डोळ्याकडे वळू. नेत्रतपासणीचा अक्षरांचा तक्ता डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन याने १८६२ मध्ये केला. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे अंतर वेगळे ओळखता येते, हे त्यामागचे गृहीतक. आपण मॉनिटरपासून साधारण ६० सेंटिमीटरवर बसतो. तेवढ्या अंतरावर एक कला म्हणजे सुमारे ०.१७५ मिलिमीटर. २४ इंची, १९२० × १०८० पडद्याचा ठिपका ०.२७७ मिलिमीटरचा असतो. तो एका कलेत मावायला ९५ सेंटिमीटर दूर बसावे लागेल. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले तर ठिपका ०.३११ मिलिमीटरचा होतो. म्हणजे पैसे जास्त, अक्षरे भरड. २७ इंचांवर २५६० × १४४० घेतल्यास ०.२३३ आणि ३८४० × २१६० घेतल्यास ०.१५६.

या शेवटच्या टप्प्यावर आयबीएमचा टी२२० हा मॉनिटर २००१ मध्येच पोहोचला होता. २२.२ इंच आणि ३८४० × २४०० ठिपके. पण तेव्हाचे सॉफ्टवेअर इंचाला ९६ ठिपके धरून चाले. या पडद्यावर इंचात २०४ ठिपके असल्याने अक्षरे निम्म्याहून लहान उमटत. अक्षरांचे माप ठिपक्यांपासून वेगळे करणारे सॉफ्टवेअर रुळल्यावरच असे पडदे सामान्यांच्या कामाचे झाले.

तेव्हा टेबलावर मराठी वाचन-लेखन करणाऱ्याने २४ इंचांपर्यंत १९२० × १०८० वर भागवावे. २७ इंच हवा असेल तर २५६० × १४४० च्या खाली उतरू नये. परवडत असेल तर ३८४० × २१६० घेऊन प्रमाण १५० टक्के ठेवावे. जोडाक्षरांत फरक चटकन कळतो. वर्गातल्या शेवटच्या बाकासाठी मात्र हा हिशेब उलटा आहे. सहा मीटरवर एक कला म्हणजे पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे २४ इंची साध्या पडद्याचे सहा ठिपके. तिथे ठिपके वाढवून काही मिळत नाही, पडदाच मोठा हवा.

शिवाय जुन्या संगणकाला नवा मॉनिटर जोडताना संगणक तेवढे ठिपके पाठवू शकतो का, हेही पाहावे. २००९ ची एचडीएमआय १.४ जोडणी ३८४० × २१६० चे चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवते आणि त्यामुळे माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. ६० वेळांसाठी २०१३ ची २.० किंवा त्यानंतरची जोडणी लागते, आणि ती संगणक, मॉनिटर या दोन्ही टोकांना हवी.