बंदुकीची टोपी

दिवाळीत टिकल्यांची बंदूक घेऊन धावणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. टिकली कोरडी असली की चाप ओढताच ती टच्चकन वाजते. जरा ओल लागली असली की नुसते ‘खट्’ होते आणि पोर हिरमुसते. खेळण्यात नुकसान एवढेच. पण हेच ‘खट्’ रणांगणावर झाले तर? खऱ्या काडतुसाच्या बुडाशीही अशीच एक टिकली असते. फक्त ती धातूच्या इवल्याशा वाटीत बसवलेली. तिला टोपी म्हणतात. आज तिची हकिकत ऐकू या.

दारू नळीत ठासली म्हणजे बंदूक उडत नाही. तिला आग पोचवावी लागते. तोड्याच्या बंदुकीत नळीच्या बाजूला लहानशा पात्रात चिमूटभर बारीक दारू ठेवीत. ती रंजक. रंजकीला पेटता तोडा लागला की तिची ज्वाळा कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आत शिरे. म्हणूनच शत्रूची तोफ निकामी करायची तर तिच्या कानात खिळा ठोकीत. पुढे तोड्याच्या जागी चकमक आली, पण आग लागायची ती रंजकीलाच. सर आली, वारा सुटला, की बार फुसका! आज आपण हा शब्द पोकळ भाषणांना लावतो. त्या काळी तो जिवाशी गाठ घालणारा होता.

यावर तोड काढली ती एका धर्मोपदेशकाने. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या फल्मिनेटची माहिती प्रसिद्ध केली होती. हा पदार्थ नुसत्या आघाताने भडकतो. स्कॉटलंडमधले अलेक्झांडर फोर्सिथ हे पाखरांच्या शिकारीचे शौकीन. चकमकीचा लखलखाट दिसताच पाखरे उडून जात, हे त्यांचे दुखणे. त्यांनी आघाताने पेटणारी दारू बंदुकीला जोडली आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ही दारू तांब्याच्या टोपीत भरली जाऊ लागली. वर घोडा आपटायचा, की झाले!

पण सरकार नवी वस्तू सहजी घेत नाही. १८३४ साली इंग्लंडात वुलिच येथे परीक्षा झाली. चकमकीच्या सहा आणि टोपीच्या सहा बंदुकांनी प्रत्येकी एकूण ६००० बार काढले. चकमकीचे ९२२ बार फुसके गेले, टोपीचे फक्त ३६. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. चकमकीचा दर सहा-सात बारांमागे एक फसला, टोपीचा साधारण १६६ बारांमागे एक.

या आकड्यांचा अर्थ १८४१ च्या मे महिन्यात चीनमध्ये कँटनजवळ कळला. इंग्रजांच्या पहिल्या अफूच्या लढाईत मद्रासच्या ३७ व्या पलटणीतले सुमारे साठ शिपाई मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटले. भोवती खवळलेला, संख्येने कितीतरी मोठा जमाव. शिपायांच्या हाती चकमकीच्या बंदुका, रंजक भिजलेली. चाप ओढावा आणि ‘खट्’ व्हावे! चौकोन करून, संगिनी रोखून ते तग धरून राहिले. शेवटी टोपीच्या बंदुका असलेल्या आरमारी सैनिकांच्या दोन तुकड्या आल्या, तेव्हा सुटका झाली. पाऊस सर्वांवर सारखाच पडत होता. फरक होता तो नखाएवढ्या टोपीचा. लढाई इंग्रजांच्या व्यापाराची, पण जीव टांगणीला लागले ते आपल्या माणसांचे, हेही विसरून चालणार नाही.

सत्तावनच्या चरबीच्या काडतुसांची गोष्ट आपण जाणताच. ती काडतुसे कागदी होती. टोपी वेगळी लावावी लागे. मग पितळी काडतूस आले आणि टोपी त्याच्या बुडातच बसली. १८६६ साली याच्या दोन तऱ्हा निघाल्या. इंग्रज कर्नल बॉक्सर यांनी टोपीच्या पोटातच बारीकशी ऐरण ठेवली. अमेरिकन बर्डन यांनी ती पितळी नळीच्या बुडाला घडवली. गंमत अशी की पुढे अमेरिकेने इंग्रजाची तऱ्हा उचलली आणि युरोपात अमेरिकनाची पसरली. आपल्या पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ साली.

बार हमखास उडू लागला, तरी टोपीची खोड गेली नव्हती. पारा पितळेला ठिसूळ करी. टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून क्षार उरे; तो हवेतली ओल ओढी आणि नळी गंजवी. विसाव्या शतकात शिशाच्या संयुगांची, न गंजवणारी टोपी आली, तेव्हा हा जाच कमी झाला.

अमेरिकेत आणि इतरही काही देशांत नेमबाज लोक झाडलेले पितळ जपून ठेवतात, त्यात नवी टोपी, दारू आणि गोळी घालून काडतूस पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे करण्यासाठी नव्हे, समजण्यासाठी सांगतो. अशा माणसाने टोपी कशी पारखावी? ती दरवेळी उडाली पाहिजे. दरवेळी सारखीच ज्वाळा दिली पाहिजे, नाहीतर नेम हलतो. आणि घोडा पडल्याशिवाय मुळीच उडता कामा नये. पिस्तुलाच्या टोपीचा पत्रा सहसा पातळ, कारण तिथला आघात हलका. रायफलीचा जाड, कारण तिथे दाब मोठा. एकीच्या जागी दुसरी बसवणे म्हणजे संकटाला आवतण. टोप्या मूळच्या पेटीतच ठेवायच्या, कारण त्या पेटीत एकमेकींपासून वेगळ्या असतात. बरणीत एकत्र ओतल्या, तर एक उडताच साऱ्या उडायच्या. २०२० नंतर अमेरिकेत टोप्यांची टंचाई पडली, तेव्हा मिळेल ती घेण्याचा मोह अनेकांना झाला असेल. पण शहाणा माणूस नव्या पेटीतल्या थोड्या टोप्या आधी चांदमारीवर पारखतो आणि मगच तिच्यावर भरवसा टाकतो.

मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे आपण म्हणतो. टोपीची कीर्ती मात्र कोणी गात नाही. ती उडाली की लोक बंदुकीची वाखाणणी करतात. तिची आठवण होते ती ‘खट्’ झाल्यावर. कँटनच्या पावसात भिजलेल्या त्या साठ शिपायांना ती आठवण फार महाग पडली असती.