लाकडी चाकांचे घड्याळ

माणसाहून उंच, जमिनीवर उभे असणारे लंबकाचे घड्याळ आपण प्रत्यक्षात नाही तर निदान चित्रात तरी पाहिले असेल. त्याला एवढी उंच पेटी कशाला? केवळ शोभेसाठी नव्हे, बरं का! एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला नेमका एक सेकंद घेणारा लंबक सुमारे ३९ इंच लांब असावा लागतो. शिवाय घड्याळ चालवणारी वजने खाली उतरायलाही जागा हवी.

अठराव्या शतकात अमेरिकेत ही घड्याळे एकेक करून हाताने घडवली जात. पेनसिल्व्हेनियातील खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस आणि मॅसॅच्युसेट्समधील सायमन विलार्ड हे त्यांतले नामांकित कारागीर. पितळ महाग, काम जिकिरीचे. तेव्हा घड्याळ असे ते सधनाच्या घरी. सामान्य शेतकऱ्याचे घड्याळ म्हणजे डोक्यावरचा सूर्य!

हे चित्र पालटले ते कनेक्टिकटच्या एलाय टेरीने. १७७२ साली जन्मलेला हा गृहस्थ पितळी काम शिकला होता. पण त्याने लाकडी चाकांचाही मार्ग धरला. १८०६ च्या सुमारास त्याने पोर्टर बंधूंशी करार केला : तीन वर्षांत ४,००० लाकडी यंत्रे, दर नगाला चार डॉलर. पहिले वर्ष बहुतेक यंत्रसामग्री उभारण्यातच गेले. पुढे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रांनी एकसारखी चाके कापली जाऊ लागली, आणि १८१० पर्यंत करार पुरा झाला. टेरी पेटी देत नसे. ती गिऱ्हाइकाने गावच्या सुताराकडून करवून घ्यावी. ऐपत नसेल तर घड्याळ भिंतीवर तसेच उघडे टांगावे!

पण गंमत पाहा. ज्या युक्तीने उंच घड्याळ गरिबाच्या घरी आले, तिनेच पुढे त्याला घराबाहेर काढले. १८१६ साली टेरीने फळीवर मावणाऱ्या लहान घड्याळाचे पेटंट घेतले. लंबक आखूड झाला, पेटीही तुटपुंजी झाली आणि फेरीवाले ती घड्याळे दारोदार विकू लागले. एकेका घड्याळावर आपले नाव घालणाऱ्या कारागिराची जागा कारखान्याने घेतली.

या घड्याळांना इंग्रजीत ‘आजोबांचे घड्याळ’ म्हणतात. हे नाव रूढ झाले ते हेन्री क्ले वर्क याच्या १८७६ सालच्या एका गाण्यामुळे. म्हणजे त्यांचा काळ सरल्यावर. वस्तू नित्याच्या वापरात असते तोवर तिला कोणी आजोबा म्हणत नाही, हेच खरे!